ज्वालामुखीला उलटी प्रदक्षिणा

सहलीची आखणी म्हटली की आपण गाडी, मुक्काम, जेवण आणि खर्च या चार गोष्टींचा विचार करतो. एखाद्या लहानशा ज्वालामुखी बेटाला मोटारीने वळसा घालायचा असेल तर एवढी यादी पुरत नाही. तेथे आधी तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. दगड किती जुना आहे? वारा कोठून येतो? ढग दिवसातून कधी चढतात? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने जायचे हे जवळजवळ आपोआप ठरते.

या लेखात आपण हिंदी महासागरातील रेयूनियों या बेटाची चार दिवसांची सहल आखणार आहोत. वाचकांपैकी फार थोड्यांना तेथे जाण्याचा योग येईल, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही ही आखणी वर्गात, नकाशा पुढ्यात ठेवून करण्यासारखी आहे. तिच्यात भूगोल, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित एकत्र येतात. शिवाय या बेटाचा आणि आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाचा उगम एकच आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ही सहल परदेशातली असली तरी परक्या दगडाची नाही.

बेटाची ओळख

रेयूनियों हे बेट मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किलोमीटरवर, २१ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. शेजारचे मॉरिशस, जेथे कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही राहतात, ते सुमारे २०० किलोमीटर ईशान्येला आहे. विमानाने हे अंतर पाऊण तासाचे. रेयूनियों हा फ्रान्सचा सागरपार प्रांत आहे. क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सुमारे दोन तृतीयांश.

एवढ्याशा जागेत दोन ज्वालामुखी एकमेकांना चिकटून उभे आहेत. वायव्येकडचा ‘पितों दे नेज’, म्हणजे हिमशिखर, हा ३,०७१ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. हा म्हातारा ज्वालामुखी गेली सुमारे १२ हजार वर्षे शांत आहे. आग्नेयेकडचा ‘पितों द ला फुर्नेज’, म्हणजे भट्टीचे शिखर, २,६३२ मीटर उंच आहे. त्याचे वय सुमारे पाच लाख वर्षे. भूशास्त्राच्या हिशेबात हे पोर आहे आणि पोरासारखेच ते स्वस्थ बसत नाही. अलीकडच्या काही दशकांत सरासरीने वर्षाला एक किंवा त्याहून थोडे अधिक उद्रेक त्यात झाले आहेत.

समुद्राबाहेर दिसणारे बेट हा या डोंगराचा केवळ शेंडा आहे. समुद्रतळापासून मोजले तर त्याची उंची सुमारे ७ हजार मीटर भरते आणि तळाचा व्यास २०० किलोमीटरहून अधिक. एकूण घनफळापैकी पाण्यावर दिसतो तो भाग शेकडा तीनच्या आसपास. बाकीचा सगळा डोंगर पाण्याखाली आहे.

सह्याद्रीशी नाते

पृथ्वीच्या प्रावरणात काही ठिकाणी खोलातून तप्त द्रव्याचा स्तंभ वर चढत असतो. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. तप्तबिंदू जवळजवळ एकाच जागी राहतो आणि त्याच्यावरून भूपट्ट सरकत जातो. मेणबत्तीवरून कागद सावकाश सरकवला तर त्यावर काजळीचे डाग एका ओळीत पडतात, तसेच भूपट्टावर ज्वालामुखींची एक ओळ उमटते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत या बिंदूवर होता. त्या काळी बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून आपले दख्खनचे पठार बनले. नंतर भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे माग सोडत गेला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रेयूनियों. १९८७ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या संशोधन जहाजाने या मागावर समुद्रतळात छिद्रे पाडून बेसाल्टचे नमुने वर काढले. त्यांची वये दक्षिणेकडे क्रमाने कमी होत गेलेली आढळली. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ८० लाख वर्षांचे, तर रेयूनियोंचे सुमारे २० लाख वर्षांचे. मध्येच हिंदी महासागरातील एक मध्यसागरी कटक या बिंदूवरून ओलांडून गेला, म्हणून आज रेयूनियों आफ्रिकी भूपट्टावर आहे. या सिद्धांतातील काही तपशिलांवर मतभेद आहेत. पण वयांचा हा क्रम त्याचा मोठा आधार आहे.

येथे एक सोपे गणित करता येते. मुंबई ते रेयूनियों हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, म्हणजे ४८ कोटी सेंटिमीटर. त्याला ६.६ कोटी वर्षांनी भागले की उत्तर येते वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर. भारताच्या सरकण्याचा हा सरासरी वेग. आपली नखे वर्षभरात जेवढी वाढतात, त्याच्या साधारण दुप्पट.

आखणीचे नियम

आता सहलीकडे वळू. पहिला प्रश्न ऋतूचा. रेयूनियों दक्षिण गोलार्धात आहे. डिसेंबर ते मार्च हा तेथला पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. ७ आणि ८ जानेवारी १९६६ या दोन दिवसांत, एका चक्रीवादळात, बेटावरील फोक-फोक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. २४ तासांतल्या पावसाचा हा जागतिक विक्रम आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला जो हाहाकार उडवणारा पाऊस झाला, तो ९४४ मिलिमीटर होता; म्हणजे फोक-फोकच्या जेमतेम निम्मा. फेब्रुवारी २००७ मध्ये याच बेटावर कोमेरसों विवराजवळ ७२ तासांत ३,९३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही विक्रमच. तेव्हा हे महिने टाळावेत. मे ते नोव्हेंबर हा त्या मानाने कोरडा आणि थंड काळ. आपल्या उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या, दोन्ही सुट्ट्या त्यात बसतात.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. या अक्षांशावर वर्षातील बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. बाष्पाने भरलेले हे वारे बेटाच्या पूर्व उतारावर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. पूर्वेच्या काही उतारांवर वर्षाला ७ ते १० मीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर एका मीटरहूनही कमी. महाबळेश्वर आणि वाई यांतला फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पर्जन्यछायेचे प्रकरण नव्याने सांगायला नको. फक्त येथे बाजू उलटी आहे. ओली बाजू पूर्वेची, कोरडी पश्चिमेची. पूर्वेकडचे पाणी डोंगराच्या पोटातून लांबच लांब बोगदे खणून पश्चिमेकडच्या शेतीला नेले आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीखालून पश्चिमेला वळवले, त्याची येथे आठवण होते.

तिसरा प्रश्न घड्याळाचा, आणि सहलीच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. सूर्य वर आला की डोंगराचे उतार तापतात, समुद्रावरची दमट हवा उतारावरून वर चढू लागते आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास डोंगरांच्या अंगावर ढग जमतात. दुपारी उंचावरच्या सज्जातून धुक्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून नियम असा: पहाटे डोंगर, दुपारी किनारा. ज्याने हा नियम उलटवला, त्याने बेट पाहिलेच नाही असे म्हणावे लागते.

चौथा प्रश्न दिशेचा. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा आहे. उत्तरेकडील राजधानी सें-देनीहून निघून आधी पश्चिमेला, मग दक्षिणेला आणि शेवटी पूर्वेला गेले, तर समुद्र सतत उजव्या हाताला राहतो. किनाऱ्यावर थांबायचे तर समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. आपल्याकडे प्रदक्षिणेत देव उजवीकडे ठेवतात. येथे ज्वालामुखी डावीकडे राहतो. म्हणून आम्ही हिला उलटी प्रदक्षिणा म्हणतो. या दिशेचा आणखी एक फायदा आहे. आपण जुन्या, झिजलेल्या, कोरड्या दगडाकडून कोवळ्या, ओल्या आणि कधीकधी गरम दगडाकडे जातो.

शेवटचा प्रश्न वेगाचा. २०० किलोमीटर म्हणजे चार तास, असा हिशेब मुळीच करू नये. जून-जुलैत दिवस सुमारे अकरा तासांचाच असतो आणि घाटरस्त्यांवर ताशी २५ किलोमीटर हाही चांगला वेग ठरतो. चार दिवसांत सर्व काही पाहता येणार नाही. आमच्या आखणीत सालाझीचे सुंदर खोरे वगळावे लागले. पाचवा दिवस हाताशी असेल तर तो तेथे न खर्चता राखून ठेवावा, असे आम्ही सुचवतो. का, ते पुढे येईलच.

पहिला दिवस: झिजलेला डोंगर

पहाटे अंधारात सें-देनी सोडावे. शहराबाहेर पडताच रस्ता समुद्रात रोवलेल्या खांबांवरून जातो. सुमारे साडेपाच किलोमीटरचा हा सेतू ऑगस्ट २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्यापूर्वीचा रस्ता उंच कड्याच्या पायथ्याशी होता आणि त्यावर वारंवार दरडी कोसळत. लाव्हाचे थर, त्यांमधले भुसभुशीत थर आणि त्यात मुरणारे पाणी: घाटातील दरडींचे हे कारण आपल्यालाही परिचयाचे आहे.

सें-पोलहून डोंगरावर चढणारा रस्ता सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या माइदोच्या कड्यावर नेतो. कठड्यापाशी उभे राहिले की पायाखाली सुमारे हजार मीटर खोल माफातचे खोरे दिसते. पितों दे नेजभोवती माफात, सालाझी आणि सिलाओस अशी तीन प्रचंड खोरी बेलाच्या पानासारखी मांडलेली आहेत. शांत झालेल्या ज्वालामुखीची बाजू खचत गेली, वर मुसळधार पाऊस पडत राहिला आणि नद्यांनी डोंगर आतून कोरून काढला. माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता नाही. तेथे राहणारे काही शे लोक पायी जातात किंवा हेलिकॉप्टरचा आधार घेतात. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी एके काळी याच दुर्गम खोऱ्यांत आसरा घेतला होता. बेटावरील गुलामगिरी १८४८ साली संपली.

ढग चढू लागले की खाली उतरावे. सें-जिलच्या किनाऱ्यावर पांढरी वाळू आहे आणि थोडे दक्षिणेला लेतां-साले येथे काळी. पांढरी वाळू प्रवाळांच्या भुग्याची, काळी बेसाल्टच्या भुग्याची. दोन्हींची चिमूटभर वाळू घेऊन तिच्यावर विरल आम्लाचा थेंब टाकला तर पांढरी फसफसते, काळी स्वस्थ राहते. एवढा प्रयोग चित्रातूनही मुलांना समजावता येतो. मॉरिशसला प्रवाळभित्तीचे जवळजवळ अखंड कडे आहे, तर येथे पश्चिम किनाऱ्याला केवळ काही तुकडे. बेट तरुण आहे, उतार खडे आहेत. प्रवाळांना बस्तान बसवायला उथळ जागाही कमी आणि वेळही कमी मिळाला आहे.

दुपारी सें-लुईहून सिलाओसचा घाट चढून तेथेच मुक्काम करावा. ३७ किलोमीटर अंतर आणि चारशेहून अधिक वळणे. म्हणजे सरासरीने दर ९० मीटरला एक वळण. दीड तास धरावा. अंधारात हा घाट चढू नये.

दुसरा दिवस: दोन ज्वालामुखींमधली खिंड

सिलाओस सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. सकाळच्या स्वच्छ उजेडात भोवतीचे कडे पाहावेत. लाव्हाचे आडवे थर आणि त्यांना छेदून गेलेल्या उभ्या भिंतींसारख्या काळ्या पट्ट्या दिसतात. वर चढणारा शिलारस भेगेत गोठला की अशी भिंत तयार होते. कोकणात आणि तापीच्या खोऱ्यात अशा भिंती पुष्कळ आहेत. आपल्याकडे त्यांच्या माथ्यावरचा उद्रेक केव्हाच झिजून गेला आहे. येथे भिंत आणि ज्या उद्रेकासाठी ती भेग उघडली त्याचे थर, दोन्ही जवळजवळ पाहता येतात.

घाट उतरून सें-पिएरमार्गे पुन्हा वर चढावे. दोन्ही ज्वालामुखींच्या मधल्या उंच पठारावरून एक रस्ता बेट ओलांडून पूर्वेच्या सें-बनुआपर्यंत जातो. हा रस्ता नकाशावर ठळक रेघ मारून ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे. वाटेत सुमारे १,६०० मीटरवर बूर-म्युरा हे गाव लागते. तेथे ज्वालामुखीचे संग्रहालय आहे आणि ज्वालामुखीवर नजर ठेवणारी वेधशाळाही आहे. मुक्काम येथेच करावा, कारण उद्या पहाटे उठायचे आहे. मोटारीत पेट्रोल येथेच भरून घ्यावे.

तिसरा दिवस: भट्टीच्या काठावर

बूर-म्युराहून पहाटे निघाले की तासाभरात आपण २,३११ मीटर उंचीवरील ‘पा द बेलकोंब’ या कड्यावर पोचतो. हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे येथे किनाऱ्यापेक्षा १५ अंश कमी. जुलैच्या पहाटे किनाऱ्यावर १९ अंश असतील तर येथे ४ अंश. हिवाळ्यात कधीकधी दवही गोठते. उष्ण कटिबंधातल्या बेटावर जाताना स्वेटर का न्यायचा, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

वाटेत ‘प्लेन दे साब्ल’ म्हणजे वाळूचे मैदान ओलांडावे लागते. ही वाळू समुद्राची नव्हे. उद्रेकात आकाशात उडालेले लाव्हाचे सच्छिद्र खडे येथे पसरले आहेत. काळे, तांबूस, झाडाविना. रंग तांबूस होतो तो खडकातील लोहाच्या गंजण्याने.

कड्यावरून खाली दिसते ते एक विशाल ज्वालाकुंड. जमिनीखालचा शिलारस निघून गेला की वरचे छत कोसळते आणि असे कुंड बनते. हे कुंड सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी आजच्या रूपात आले असावे. लांबी सुमारे १३ किलोमीटर, रुंदी सुमारे ८ किलोमीटर. आणि घोड्याच्या नालाप्रमाणे तिन्ही बाजूंना भिंती असून पूर्वेची बाजू समुद्राकडे उघडी. कुंडाच्या मध्यभागी भट्टीचे शिखर उभे आहे. त्यावरील दोलोमिए विवराचे छत एप्रिल २००७ मध्ये काही दिवसांत कोसळले आणि ३०० मीटरहून अधिक खोल खड्डा पडला. कुंड बनण्याची क्रिया अशी लहान प्रमाणात डोळ्यांदेखत घडली, उपकरणांवर नोंदली गेली.

बहुतेक सगळे उद्रेक या कुंडाच्या आतच होतात, आणि भिंती लाव्हाला बाजूच्या गावांकडे जाऊ देत नाहीत. म्हणूनच एवढ्या चंचल ज्वालामुखीच्या बेटावर सुमारे पावणेनऊ लाख लोक राहू शकतात. इशारा असेल तेव्हा कुंडात उतरण्याची वाट बंद करतात. ती बंद असेल तर कड्यावरूनच पाहावे; वाद घालू नये. नऊच्या आत माघारी फिरून दुपारी दक्षिण किनाऱ्यावर सें-जोझेफला उतरावे.

चौथा दिवस: तारखा लिहिलेला दगड

आता आपण बेटाच्या सर्वांत कोवळ्या भागात शिरतो. सें-फिलिपच्या पुढे रस्ता ‘ग्रां ब्रुले’ म्हणजे मोठा जळका पट्टा ओलांडतो. कालच्या कुंडाची उघडी बाजू ती हीच. वरून आलेला लाव्हा येथून समुद्राकडे जातो. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत आणि त्यांवर त्या त्या प्रवाहाचे साल लिहिले आहे. आम्हा भूशास्त्रज्ञांना दगडाचे वय काढायला प्रयोगशाळेत खटपट करावी लागते. येथे ते पाटीवर वाचता येते.

पाट्या झाकून वनस्पतींवरूनही वय ओळखता येते. अगदी नवा प्रवाह काळाभोर असतो. काही वर्षांत त्यावर करड्या रंगाचे दगडफूल पसरते. मग भेगांमध्ये नेचे उगवतात. त्यांच्या कुजण्यातून थोडी माती साचली की झुडपे आणि शेवटी झाडे येतात. पूर्वेच्या मुबलक पावसामुळे हा क्रम येथे वेगाने चालतो. पुढचा लाव्हा या मातीवर आला की ती भाजून थरांमध्ये दबून जाते. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचे तांबडे पट्टे आपण पाहतो. त्यांतील अनेक पट्टे दोन उद्रेकांच्या मधल्या अशाच विश्रांतीची खूण आहेत. ग्रां ब्रुलेवरचे दगडफूल म्हणजे उद्याच्या तांबड्या पट्ट्याची सुरुवात.

२ एप्रिल २००७ रोजी येथे समुद्रसपाटीपासून केवळ सुमारे ५९० मीटर उंचीवर भेग उघडली. लाव्हाने काही तासांत रस्ता पुरला आणि समुद्रात नवी जमीन तयार केली. काही ठिकाणी लाव्हाची जाडी ६० मीटरपर्यंत गेली. रस्ता पुन्हा बांधला तेव्हा खालचा दगड गरम होता आणि पाऊस पडला की वाफा निघत. का, ते पाहू. थर थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटरचा थर तीन दिवसांत निवतो असे धरले, तर ६० मीटरच्या थराला त्याच्या ३,६०० पट, म्हणजे १०,८०० दिवस, जवळजवळ ३० वर्षे लागतील. भेगांत मुरणारे पावसाचे पाणी हा काळ बराच कमी करते. पण महिन्या-दोन महिन्यांत दगड निवण्याची वाट पाहणे व्यर्थ, एवढे या गणितातून कळते.

पुढे पितों-सेंत-रोझ हे गाव लागते. एप्रिल १९७७ मध्ये नेहमीचा शिरस्ता मोडून कुंडाच्या बाहेर भेग उघडली आणि लाव्हा थेट या गावात शिरला. लोकांना आधीच हलवले होते, म्हणून जीव वाचले, घरे गेली. गावातील चर्चच्या दाराशी लाव्हा थांबला आणि भोवतीने वाहून गेला. गावकऱ्यांनी हा चमत्कार मानला आणि चर्चला ‘लाव्हाची माता’ असे नाव मिळाले. त्या काळी बेटावर कायमची वेधशाळा नव्हती. ती १९७९ मध्ये, या उद्रेकानंतर, स्थापन झाली. काल बूर-म्युराला पाहिलेल्या इमारतीमागची कथा ही आहे. आज डोंगरावर भूकंपमापक आणि जमिनीचा फुगवटा मोजणारी उपकरणे आहेत. शिलारस वर सरकू लागला की बारीक भूकंपांची झुंड उठते, डोंगर काही सेंटिमीटर फुगतो आणि इशारा दिला जातो. इशारा मात्र अनेकदा काही तास आधीच मिळतो, काही वेळा त्याहूनही कमी.

सेंत-रोझहून सें-देनीपर्यंत उसाची शेते आणि मधून मधून व्हॅनिलाच्या वेली दिसतात. वाटेतल्या सेंत-सुझान येथे १८४१ साली एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाचे फूल हाताने फलित करण्याची सोपी पद्धत शोधून काढली. आजही जगातील व्हॅनिलाची लागवड त्याच पद्धतीवर चालते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्या मुलाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

रस्ता तुटला तर?

ग्रां ब्रुलेचा रस्ता लाव्हाने आजवर अनेकदा पुरला आहे आणि पुढेही पुरेल. आपल्या चौथ्या दिवशी तो बंद निघाला तर काय करायचे? वर्तुळ एका जागी तुटले की दुसऱ्या बाजूने परत फिरता येते. पण फेरा मोठा पडतो. येथे दुसऱ्या दिवशी नकाशावर ठळक केलेला रस्ता उपयोगी पडतो. सें-पिएर ते सें-बनुआ हा रस्ता वर्तुळाच्या जीवेसारखा आहे. कुंडाला वगळून त्या जीवेवरून आपण पूर्व किनाऱ्यावर उतरतो आणि उत्तरेकडून ग्रां ब्रुलेच्या दाराशी जाऊन परततो. राखून ठेवलेला पाचवा दिवस अशा प्रसंगासाठी आहे. ढगांनी माइदो हुकला, वादळाने घाट बंद झाला, तरी तोच उपयोगी पडेल.

आखणी म्हणजे ठरले तसे घडवून आणण्याचा हट्ट नव्हे. काय बिघडू शकते आणि बिघडले तर दुसरी वाट कोणती, हे निघण्याआधी जाणून घेणे म्हणजे आखणी. बेटावरील रहिवासी पिढ्यान्पिढ्या असेच जगत आले आहेत. रस्ता पुरला जातो, ते तो पुन्हा बांधतात, आणि वेधशाळेचा इशारा ऐकून घर सोडायला तयार असतात.

वर्गात करण्याजोगे

१. रेयूनियोंचा उठावाचा नकाशा काढून त्यावर वाऱ्याची दिशा दाखवावी. ओली आणि कोरडी बाजू मुलांनी स्वतः ओळखावी, आणि तसाच नकाशा आपल्या जिल्ह्याचा करावा.

२. वर्तुळाकार रस्ता आणि त्याची जीवा कागदावर काढावी. कोठेही एक रस्ता तुटला तर दोन गावे जोडलेली राहतात का? कोठेही दोन तुटले तर? आपल्या तालुक्यातील रस्त्यांवर हाच प्रश्न पावसाळ्यासाठी विचारून पाहावा.

३. २००७ च्या उद्रेकात सुमारे ०.२ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. या ज्वालामुखीच्या नोंदलेल्या उद्रेकांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक. दख्खनच्या पठारावर आज उरलेला बेसाल्ट सुमारे ५ लाख घन किलोमीटर आहे. तो जमायला असे किती उद्रेक लागतील? उत्तर २५ लाख. पठाराचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत तयार झाला असे मानले जाते. मग त्या काळचे उद्रेक आजच्यापेक्षा किती मोठे किंवा किती वारंवार असले पाहिजेत, यावर मुलांनी चर्चा करावी.

४. जवळच्या घाटात, विहिरीच्या कडेला किंवा खाणीत लाव्हाचे थर मोजावेत. थरांमध्ये तांबडा पट्टा आहे का? तो दिसला तर त्यापाशी थोडे थांबावे. तेथे एके काळी दगडफूल पसरले होते, नेचे उगवले होते, माती साचली होती, आणि मग पुन्हा एकदा लाव्हा आला होता.